नाकातून की भुवईतून?

रामबागेतल्या आमच्या काकूंची मेंदूखालची गाठ नाकातून काढली, मामांची भुवईतून. तेव्हापासून इंदूरच्या नात्यागोत्यात कुणाच्या एमआरआयमध्ये 'मेनिंजिओमा' (मेंदूच्या आवरणाची गाठ) लिहून आलं की फाइल माझ्या हातात येते. मी डॉक्टर नाही, दोघांच्या उशाशी बसलोय एवढंच.

आधी एक गोष्ट. गाठ पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासून घ्या. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटते.

मेनिंजिओमा असेल, तर ती डोळ्यांच्या नसांच्या कुठल्या बाजूला आहे ते विचारा. सर्जनला नस ओलांडून पलीकडे जावं लागू नये, हा मूळ हिशोब. गाठ मधोमध असेल आणि नसांना खालून वर ढकलत असेल, तर नाकाची वाट सरळ पडते. हाडातून गाठीला जाणारं रक्त आधीच तोडता येतं, नसांना फार हलवावं लागत नाही. नजर अंधूक झालेल्यांना याचा फायदा मोठा. गाठ नसेच्या किंवा मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या बाहेरच्या बाजूला पसरली असेल तर मात्र भुवई. तिथे तीन-चार सेंटिमीटरची चीर आणि हाडात छोटी खिडकी पुरते.

नाकाच्या वाटेचं खरं दुखणं म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती. मेंदू आणि नाक यांच्यामधली भिंत उघडलेली असते. ती मांडीचा पडदा, चरबी आणि नाकाच्या पडद्याची जिवंत त्वचा लावून बुजवतात. ही त्वचा फिरवून लावण्याची रीत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली आणि गळती बरीच कमी झाली, पण संपली नाही. काकू सहाव्या दिवशी पलंगाखालची चप्पल घ्यायला वाकल्या आणि नाकाच्या शेंड्यावरून स्वच्छ पाण्याचा थेंब फरशीवर पडला. त्यांना वाटलं सर्दी. पाठीत नळी घालून त्यांना चार दिवस आडवं ठेवलं. म्हणून वाकणं नको, नाक शिंकरणं नको, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. पुढे नाकातल्या खपल्यांसाठी मिठाच्या पाण्याने धुणं आलंच. वासही जाऊ शकतो. घरात हिंगाच्या फोडणीवर जीव असणारं माणूस असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

भुवईत हा जाच कमी. डोळा काही दिवस सुजतो, कपाळ बधिर राहतं. मामांना अजून गंध लावताना आरसा लागतो, बोट टेकलेलं कळत नाही. कपाळातला सायनस मोठा असेल तर ही वाट अडचणीची, तेव्हा सीटी स्कॅन नीट बघून घ्या.

गॅमा नाइफबद्दलही, म्हणजे चीर न देता गाठीवर किरणांचा मारा करण्याबद्दलही विचारतात. गाठ डोळ्याच्या नसेला चिकटलेली असेल तर एका बैठकीतला जोराचा डोस नसेला झेपत नाही.

माझं मत विचाराल तर, मधोमधची आणि लहान गाठ असेल तर नाक. पण कान-नाक-घशाचा सर्जन आणि न्यूरोसर्जन नेहमी जोडीने हेच काम करत असतील तरच. वर्षाला अशा किती करता आणि त्यातल्या किती गळल्या, हे तोंडावर विचारा. आकडा सांगायला जो कचरेल, त्याच्याकडे टाका न दिसण्याच्या मोहाने जाऊ नका. त्यापेक्षा कवटी उघडून काढणारा मुरलेला सर्जन बरा.