वाळवंटात रात्र काढायची तर कुठे: सम, खुरी की सुदासरी?

डिसेंबरात सगळा देश गोव्यात येतो आणि गोंयकार गोव्याबाहेर पळायला बघतो. यंदा माझी भाची घरच्यांना घेऊन जैसलमेरला निघाली आहे. तिचं 'तंबूत राहायचंय' एवढंच ठरलंय, कुठल्या तंबूत ते नाही. आम्ही फोंड्याहून दोनदा जाऊन आलो, तेव्हा फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. जैसलमेरजवळचं डेझर्ट नॅशनल पार्क म्हणजे नजर पोचेल तिथवर वाळू नव्हे. १९८० साली जाहीर झालेलं हे उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा गोवा ३,७०२, म्हणजे जवळजवळ एक राज्यच. त्यात वाळूच्या टेकड्या हा एक हिस्साच. उरलेला सगळा खडकाळ माळ, सेवण गवत, केराची झुडपं, मधूनच एखादं खेजडीचं झाड. त्यामुळे 'उद्यानात राहायचंय' आणि 'वाळूवर राहायचंय' या दोन वेगळ्या सहली होतात.

वाळू हवी असेल तर नाव येतं ते समचं. जैसलमेरहून पश्चिमेला चाळीस-बेचाळीस किलोमीटर, रस्ता चांगला, वाटेत पालिवाल ब्राह्मणांनी सोडलेलं कुलधरा गाव बघून होतं. टेकड्या उंच आणि लांबवर पसरलेल्या, फोटोत आपण बघतो तशाच. राहायला स्विस टेंट, आत पलंग, जोडून बाथरूम, सकाळी गरम पाण्याची बादली. संध्याकाळी उंटावर चक्कर, मग गाद्यांवर बसून कालबेलिया नाच आणि मांगणियार या तिथल्या लोकगायकांचं गाणं. ते गाणं खरोखर ऐकण्यासारखं असतं, पण आमच्या कॅम्पवर ते अर्ध्या तासात गुंडाळलं आणि डीजे लागला. शेजारच्या कॅम्पचा डीजे वेगळा. रात्री अकराला माझी बायको म्हणाली, ''एवढ्यासाठी बाग्याच्या किनाऱ्याला गेलो असतो, पेट्रोल तरी वाचलं असतं.'' मुलं मात्र जाम खूश होती, हेही सांगायला हवं. लहान मुलं, मोठा गोतावळा, सगळं हाताशी हवं असलेली मंडळी असतील तर समच बरं.

खुरी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, अंतर जवळपास तेवढंच. इथल्या टेकड्या समपेक्षा लहान आणि थोड्या. पण गाव अजून गाव आहे. मातीची गोल खोपटी, वर गवताचं छप्पर, भिंतीवर पांढऱ्या रंगाची नक्षी. जेवण घरात रांधलेलं: बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक. (नुस्त्याशिवाय जेवण उतरत नसेल तर सुक्या बांगड्याचं लोणचं न्या, पण बाटलीचं बूच घट्ट असू दे. आमच्या बॅगेला अजून वास येतो.) जेवणानंतर दिवे मालवले आणि आकाश अक्षरशः खाली आलं. आपल्याकडे हवेत कायम बाष्प, त्यात किनाऱ्यावरचा उजेड. इतके तारे मी काणकोणातही पाहिले नव्हते. यासाठी कालनिर्णयात अमावास्या गाठून जा. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते, तारे गायब होतात. आणि माघी पौर्णिमेच्या आसपास मरुमहोत्सव असतो, तेव्हा समला पाय ठेवायला जागा नसते.

थंडीचं मात्र नीट ऐका, कारण गोव्यातल्या माणसाला ती समजत नाही. दुपारी पंचवीस अंशांत आपण टी-शर्टवर फिरतो आणि म्हणतो, कसली थंडी! कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असलं की वाळू दिवसाची सगळी ऊब भराभर सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सात अंशांवर, कधी त्याहून खाली. कॅनव्हासचा तंबू वारा अडवतो, थंडी नाही. मातीच्या जाड भिंती मात्र ऊब धरून ठेवतात. खुरीच्या खोपटात आम्ही एका रजईत निभावलं, समच्या तंबूत दोन घेऊनही पाय गार. खोबरेल तेल तर बाटलीत दगड झालं होतं. ओठांना तूप लावा.

सुदासरी हे तिसरंच प्रकरण. समपासून आत, वनखात्याच्या ताब्यातला गवताळ भाग. तिथे साध्या झोपड्या आहेत, पण जैसलमेरच्या वनविभागाच्या कार्यालयातून आधी परवानगी घ्यावी लागते. खाण्याचं काय ते तिथेच विचारून घ्या, पाणी स्वतःचं न्या. नाच नाही, उंट नाही, टेकड्याही फारशा नाहीत. इथे जायचं ते पहाटेसाठी आणि गोडावणासाठी. गोडावण म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं. माणसाच्या कमरेपेक्षा उंच हा पक्षी आता साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच उरलाय. उडताना समोरच्या विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. आम्हाला दिसला नाही. चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि गिधाडं मनसोक्त दिसली. पक्ष्यांचं वेड नसेल तर इथे तुमची घरची माणसं तुमच्यावर चिडतील.

भाचीला मी सांगितलं, दोन रात्री असतील तर पहिली खुरीत काढ आणि समला फक्त सूर्यास्ताला जाऊन ये. एकच रात्र असेल आणि सासूबाई बरोबर असतील तर सम घे, पण टेकड्यांपासून लांबचा, कमी तंबूंचा कॅम्प बघ, आणि बुक करतानाच विचार की गाणं किती वाजता बंद होतं. तिचे दीर पोर्तुगीज पासपोर्टवर आहेत. सीमेकडच्या बऱ्याच भागात परदेशी नागरिकांना वेगळा परवाना लागतो, म्हणून सुदासरीचं मनात असेल तर त्यांची चौकशी सगळ्यात आधी.