समुद्राचा पीएच मोजायचाय: दोनापावला, कॉलेजची लॅब की घरचा लॅपटॉप?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सागरी आम्लीकरण, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राचा पीएच उतरणं, हा विषय घ्यायचं मनात असेल, तर आधी एक आकडा लक्षात ठेवा: ०.००२. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच वर्षाला साधारण तेवढाच उतरतो. औद्योगिक क्रांतीआधी तो ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. कॉलेजमधला पीएच मीटर दाखवतो दोन दशांशस्थळं, आणि त्यातलंही शेवटचं डोळ्यांदेखत नाचत असतं. त्यामुळे चार-सहा महिन्यांत आम्लीकरण 'सिद्ध' करण्याचा हट्ट सोडा, मग गाईड कितीही मोठा असो.

पहिली पसंती बहुतेकांची गोव्याची, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची. ती चुकीची नाही. कांदोळीसमोरच्या समुद्रात ही संस्था १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ठरलेल्या जागी जाऊन नमुने घेत आली आहे, आणि मापनाची शिस्त अशाच ठिकाणी अंगात मुरते. नमुना घेणं म्हणजे बाटली बुडवून भरणं नव्हे. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवायचं, एकही बुडबुडा येऊ द्यायचा नाही, बाटली भरल्यावरही पाणी बराच वेळ वरून वाहू द्यायचं. मग मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे, कारण आतले जिवाणू श्वास घेतच राहतात आणि त्यांच्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो. शेवटी ग्रीस लावून बूच. नवख्याच्या पहिल्या दहा बाटल्या बहुधा वायाच जातात.

अडचण वेळेची. मे-जूनच्या सुट्टीत गेलात तर लवकरच समुद्र खवळतो, छोट्या होड्या बाहेर पडत नाहीत, आणि तुमच्या वाट्याला आधीच्या बाटल्या किंवा आधीचे आकडे येतात. खरी गंमत सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. तेव्हा खालचं कमी ऑक्सिजनचं, जास्त कार्बनचं पाणी किनाऱ्याजवळ वर सरकलेलं असतं, आणि तुम्ही असता वर्गात. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही दोनच महिन्यांची. पूर्ण सेमिस्टर मोकळी असेल तरच गोव्याचा खटाटोप करा, आणि अर्ज पाठवून स्वस्थ न बसता थेट त्या विषयातल्या शास्त्रज्ञाला लिहा.

कॉलेजच्या लॅबला लोक उगाच नाक मुरडतात. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर तर बहुतेक रसायनशास्त्र विभागांत असतोच. समुद्राच्या पाण्यात मेटा-क्रेसॉल पर्पल हा रंग घालून ४३४ आणि ५७८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजलं, की त्या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून पीएच काढता येतो. पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडपेक्षा हे कितीतरी भरवशाचं. साधा रंग पूर्ण शुद्ध नसतो, त्याची चूक राहते, पण तुमच्या कामाला ती जड जात नाही. इलेक्ट्रोडच वापरायचा असेल, तर मीटर जुळवायचे ४, ७ आणि ९.२ पीएचचे बाजारी बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं) खाऱ्या पाण्याला जुळत नाहीत. कृत्रिम समुद्रजलात ट्रिस बफर स्वतः बनवा. आणि दर वेळी तापमान लिहा. पाणी एका अंशाने तापलं की पीएच साधारण ०.०१५ ने उतरतो, म्हणजे आठेक वर्षांचं आम्लीकरण एका अंशात!

इथे प्रश्न मात्र खाडीचा निवडा, महासागराचा नको. समजा तुम्ही रत्नागिरीत आहात. एकाच जेट्टीवर उधाणाला (मोठ्या भरतीला) एक दिवस आणि भांगाला (लहान भरतीला) एक दिवस, दर दोन तासांनी नमुना घ्या, सोबत खारेपणा आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, मोजा. भरती-ओहोटी, पहाटेचा श्वासोच्छ्वास, दुपारचं प्रकाशसंश्लेषण यांनी पीएच किती वरखाली होतो ते स्पष्ट दिसेल. शीर्षकात तेवढं 'आम्लीकरण' घालू नका. व्हायव्हात पहिला फटका तिथेच बसतो.

राहिला लॅपटॉप. हवाईच्या उत्तरेला अलोहा नावाच्या ठिकाणी १९८८ पासून नियमित मापन चालू आहे, आणि ते सगळे आकडे फुकट मिळतात. सोकॅट आणि ग्लोडॅप हे समुद्रातल्या कार्बनच्या मोजमापांचे जागतिक संग्रहही खुले आहेत. पीएच, अल्कलिनिटी, एकूण अकार्बनी कार्बन (पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मिळून) आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब, या चारांपैकी दोन हाती असले की सीओटूसिस हा मोफत प्रोग्रॅम उरलेले दोन काढून देतो. दोन महिन्यांच्या प्रोजेक्टला मी हाच मार्ग सुचवेन, कारण खरं आम्लीकरण दिसतं ते याच लांब मालिकांमध्ये. पण अलोहाची उतरती रेघ काढायला एक दुपार पुरते, आणि ती जगाने हजारदा काढली आहे. अरबी समुद्र घ्या. तिथे आकडे तुटक आहेत, बऱ्याच मोहिमा १९९५ च्या आसपासच्या, आणि कोणत्या महिन्यात कुठे मापन झालंच नाही याचा नकाशासुद्धा चांगलं काम ठरेल. हात ओले होत नाहीत, एवढीच खंत.

गोवा आणि लॅपटॉप यांत अडकला असाल, तर लॅपटॉपने सुरुवात करा. अरबी समुद्राचा एक नकाशा जोडलेला ईमेल दोनापावलाला जास्त लक्षपूर्वक वाचला जाईल.