तळ्यातले सेन्सर: आठ महिन्यांनंतर

माझ्या मत्स्यतळ्यात आठ महिन्यांपासून विरघळलेला ऑक्सिजन, सामू (pH) आणि तापमान मोजणारे सेन्सर आहेत. दर १० मिनिटांनी आकडे मोबाइलवर येतात. घ्यावेत का, असं विचाराल तर जरूर घ्या, पण दर आठवड्याला ते बाहेर काढून घासायची तयारी असेल तरच.

आधी मी सकाळी नऊला हातातल्या मीटरने मोजायचो. आकडा चांगला यायचा, तरी अधूनमधून मासे मरायचे. कारण कळेना. पहिल्याच आठवड्याचा आलेख बघितला आणि उलगडा झाला. दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, तेव्हा आकडा लिटरला ११ मिलिग्रॅमपर्यंत चढतो. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मुरतो, म्हणजे वरचा सगळा शेवाळाचाच. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं आणि उजाडायच्या जरा आधी आकडा तळ गाठतो. नऊ वाजेपर्यंत पाणी सावरलेलं असायचं, म्हणून मला कधी काही दिसलंच नाही.

ऑक्सिजन ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की वाजेल असा अलार्म मी लावलाय. एका पहाटे साडेतीनला तो वाजला. टॉर्च घेऊन गेलो तर मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून हवा घेत होते. लगेच एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू केला. त्या रात्री एकही मासा गेला नाही.

आता त्रासाचं. तिसऱ्या महिन्यात ऑक्सिजनचे आकडे रोजच खाली यायला लागले. विक्रेत्याने प्रोबच्या (पाण्यात बुडवलेल्या सेन्सरच्या) टोकावरची कॅप बदला म्हणून सांगितलं. मी प्रोब वर काढला, तर कॅपवर हिरवट, बुळबुळीत थर. तो थर स्वतःच ऑक्सिजन खात होता! मऊ ब्रशने हलक्या हाताने घासून परत सोडला, आकडा २.८ वरून ४.९ वर आला. कॅप अजून तीच आहे. सामूचा प्रोब मात्र नाजूक. तो कोरडा पडू द्यायचा नाही, काढून ठेवला तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच, आणि महिन्यातून एकदा ७ आणि १० च्या बफरमध्ये (ठरावीक सामूच्या द्रावणात) तपासायचा.

खरी तक्रार या संचाच्या बॅटरीबद्दल आहे. ती सौरपॅनलवर चालते. सलग ढगाळ दिवस आले की चार्जिंग होत नाही, आणि शेवाळाला ऊन न मिळाल्याने ऑक्सिजनही नेमका तेव्हाच पडतो. गरज असते तेव्हाच यंत्र मुकं होतं. मी मोठी बॅटरी जोडून घेतली, ती मुळातच द्यायला हवी होती.

अमोनिया हा संच मोजत नाही. सामू ९ च्या पुढे गेला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणून त्या दुपारी खाद्य थांबवतो आणि चाचणी किट काढतो.