शुअर एसएम७बी आठ महिने वापरल्यावर: आवाज भरीव होतो, पण फुकट नाही

भावगीतं, अभंग आणि थोडं निवेदन, एवढं काम या माइकवर झालं. बाकीची सोय म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि दोन इनपुटचा छोटा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र).

आधी गेनचं, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवावा लागतो त्याचं बोलू. माइकला फँटम पॉवर (तारेतून येणारी ४८ व्होल्टची वीज) लागत नाही, पण त्याचा सिग्नल फार बारीक आहे. हळुवार गाण्याला साधारण ६० डेसिबल (डीबी) गेन लागतो. लहान इंटरफेसचा नॉब टोकाला नेला की सळसळ वर येते आणि कॉम्प्रेशननंतर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी केल्यावर) ती आणखी उघडी पडते. त्यामुळे बूस्टरचा (सिग्नल आधीच वाढवणाऱ्या डबीचा) खर्च किमतीतच धरा (त्याला मात्र ४८ व्होल्ट द्यावे लागतात). २०२३ मध्ये आलेल्या एसएम७डीबी या सुधारित आवृत्तीत १८ किंवा २८ डीबीचा बूस्टर आतच आहे. रेकॉर्डिंग २४ बिटवर आणि शिखरं (आवाजाचे सर्वांत मोठे क्षण) उणे १० ते १२ डीबीच्या आसपास ठेवली की पुरतं.

भरीवपणा खरा ठरतो तो अंतरावर. फोमपासून चार बोटांवर खर्ज उभा राहतो. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डीबीने उतरतो, खोलीचा घुमार मात्र आहे तेवढाच राहतो. गायक तान घेताना मागे सरकला तर प्रत्येक ओळीचा रंग वेगळा येतो आणि तो ईक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करून) जुळत नाही. दहा फुटी खोली ११२ हर्ट्‌झच्या आसपास घुमते, म्हणजे काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुषाच्या मंद्र पंचम-धैवताजवळ. म्हणून माइक खोलीच्या मधोमध किंवा भिंतीला चिकटून नको. लगतच्या दोन्ही भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर ठेवा. गायकाच्या पाठीमागे गोधडी टांगा.

‘२५० हर्ट्‌झ कापा’ हा सर्रास मिळणारा सल्ला इथे घात करतो. काळी चारमधल्या गायिकेचे मध्य सप्तकातले सा, रे, ग २०८, २३३ आणि २६२ हर्ट्‌झवर येतात. तिथे ५ डीबी कापले तर आवाज साफ होत नाही, पोकळ होतो. अरुंद पट्ट्यात २ डीबीपुरतंच थांबा. लो-कट (खालचे सूर गाळणारा फिल्टर) पुरुषाला ८० आणि त्या गायिकेला १२० हर्ट्‌झपर्यंत चालतो.

डबलिंगसाठी (तोच आवाज दुहेरी लावण्यासाठी) त्याच टेकची (रेकॉर्डिंगची) कॉपी १५ मिलिसेकंद सरकवू नका. हेडफोनमध्ये झकास वाटते, पण मोनो ब्लूटूथ स्पीकरवर दोन्ही एकमेकांना खातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. खरंच दुसऱ्यांदा गाऊन घ्या, तेही ध्रुवपदापुरतं. हरकत आणि मुरकी दोनदा सारखी पडत नाही, तिथे डबल बंद करा. ‘स’, ‘च’, ‘ट’ डबलमधून कापून टाका, नाहीतर प्रत्येक शब्दाला शेपूट येतं. पातळी मुख्य आवाजापेक्षा ८ ते १० डीबी खाली असू द्या.

कॉम्प्रेशन एकाच जागी ८ डीबी करण्यापेक्षा दोन टप्प्यांत करा: पहिला वेगवान, फक्त शिखरांवर २–३ डीबी, दुसरा २:१ प्रमाणावर, २५ मिलिसेकंद अटॅकचा (दाब बसायला लागणारा वेळ), ३–४ डीबी. दुसऱ्याचा अटॅक फार जलद केला तर व्यंजनं बोथट होतात. फोनच्या स्पीकरवर खर्ज मुळात वाजतच नाही. हलकं सॅच्युरेशन (आवाजात मुद्दाम आणलेली सौम्य विकृती) दिलं की वरचे हार्मॉनिक्स (उपस्वर) त्याची जाणीव देतात.

माइक पाऊण किलोचा आहे, हलका बूम आर्म (माइक धरणारी दांडी) टेकच्या मधेच मान टाकतो. फोम थुंकीने ओला होतो. पावसाळ्यात सौम्य साबणाने धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका.