ड्रॅग कॅमसोबत आठ महिने: कार्ड बरोबर होतं, बसवणं चुकलं होतं

दिवाळीच्या तोंडावर माझ्या २२० सीसी पल्सरमध्ये ड्रॅगचा, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचा, कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) टाकला, आता आषाढ सरत आलाय. गाडी एरवी चिपळुणात फिरते, ४०२ मीटरची धाव ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर. पहिले तीन महिने मी या कॅमला नुसत्या शिव्या घातल्या. दोष त्याचा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॅमसोबत कार्ड येतं, व्हॉल्व्ह कधी उघडतो-मिटतो ते त्यावर क्रँकच्या अंशांत दिलेलं असतं. माझ्या कार्डावर १ मिलिमीटर लिफ्टला (व्हॉल्व्हच्या उचलीला) इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर) २० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली) ६० अंशांनी मिटतो. म्हणजे २० अधिक १८० अधिक ६०, ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहतो ते अंश) २६०. निम्मे १३०, त्यातून २० वजा, की इनटेकचा मध्य टीडीसीनंतर ११० वर. एक्झॉस्ट टीडीसीनंतर १८ अंशांपर्यंत उघडा, म्हणून ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे) ३८. एवढ्या ओव्हरलॅपला आयडल अडखळणार, हे धरूनच चाललो होतो. पण सुटतानाच जीव नाही! क्लच सोडला की इंजिन बसायचं, सहा हजारांच्या वर गेल्यावर कुठे जाग यायची.

शेवटी एका मशिनिस्ट मित्राकडून डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची चकती) आणि डायल गेज (व्हॉल्व्हची उचल मोजायचं) आणलं. प्लगच्या भोकातून स्टॉप घातला, क्रँक हाताने दोन्ही बाजूंनी फिरवून पिस्टन हलकेच टेकवला. दोन आकड्यांच्या मधोमध खरा टीडीसी. मग इनटेकचा मध्य काढला, तो निघाला ११६, कार्डापेक्षा ६ अंश उशिरा. तीनदा मोजलं, तरी ११६.

कारण हेडमध्ये होतं. कॉम्प्रेशन वाढवायला गॅरेजमध्ये हेड जवळजवळ मिलिमीटरभर घासून घेतलं होतं. हेड खाली आलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं, चेनची ढील टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ओढून घेतो आणि कॅम मागे पडतो. खूण खुणेसमोर दिसते, पण टायमिंग हललेलं असतं. इनटेक उशिरा मिटला की कमी आरपीएमला आत आलेला चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) पिस्टन पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. सुटताना जीव जात होता तो इथेच.

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकचे ६ अंश म्हणजे कॅमच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) फक्त ३. एक दात सरकवला तर वीसेक अंशांची उडी, तो मार्गच नाही. स्प्रॉकेटची भोकं लांबट करून घेतली आणि १०८ वर आणलं, कार्डापेक्षा २ अंश पुढे. कॅम पुढे घेतला की टीडीसीजवळ इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो, म्हणून पिस्टनवर मुलीची खेळायची माती थापून दोन फेरे मारले आणि ठसा कापून मोजला. सर्वांत पातळ जागी १.७ मिलिमीटर. मग निर्धास्त झालो.

गाडीच बदलली. वरच्या आरपीएमला थोडी ताकद गेली, पण सुटताना मागचं चाक धरून ठेवावं लागतं.

रोजच्या वापराला मात्र घेऊ नका. ॲव्हरेज ३८ वरून २६ वर आलंय. बहादूरशेख नाक्यावर अडकलं की जीव खालीवर होतो, कारण कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगचा लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) नाकावरचा दाब आयडललाच सर्वांत जास्त. वेग वाढला की व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे नाकावरचा भार हलका होतो. तेल दर पंधराशे किलोमीटरला बदलतोय. कव्हर उघडलं तर लोब अजून गुळगुळीत आहेत.

परवा पुन्हा मोजलं, मध्य १११ वर. चेन ताणली की कॅम मागे पडतोच. नवी चेन आणून ठेवलीय, पाऊस उघडला की बसवतो.