माणिक दाखवून ४२ हजारांना फसवलं, खडा घेणार असाल तर वाचा

मे महिन्यात रत्नागिरीत एका लॉजच्या हॉलमध्ये रत्नांचं प्रदर्शन लागलेलं. आंब्याचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि बाबांना माणिक घालायला सांगितलेलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. काच गळ्यात मारतील ही भीती होतीच, पण त्या माणसाने टेबलावर चक्क रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते आकड्यात दाखवणारं यंत्र, मांडलेला. उग्र वासाचा एक थेंब टाकून त्यावर खडा पालथा ठेवला आणि म्हणाला, दादा तुम्हीच बघा. मी डोळा लावला तर आकड्यांच्या पट्टीवर सावलीची कड १.७६ च्या आसपास, खडा फिरवला की जराशी १.७७ कडे सरकायची, काच असती तर एकाच जागी राहिली असती असं त्यानेच समजावलं, आणि ते खरंच आहे. मग लाईट घालवून यूव्ही टॉर्च मारला तर खडा निखाऱ्यासारखा लाल. सव्वापाच रत्तीचे ४२ हजार रोख मोजले.

पुढे मुंबईला गेलो तेव्हा मनाला बरं वाटावं म्हणून लॅबमध्ये दिला. तिथल्या मॅडमनी मायक्रोस्कोपखाली मला स्वतःला दाखवलं, आत बारीक वळणदार रेघा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि दोन गोल बुडबुडे. भट्टीत ज्वाळेखाली पावडर वितळवून थेंबाथेंबाने खडा वाढवतात त्याची ही खूण. व्हर्नेय नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ मध्येच ही पद्धत जाहीर केली, म्हणजे शंभर वर्षांहून जुना प्रकार, आणि असे खडे काही शे रुपयांत मिळतात. खाणीतल्या माणकात रेघा असल्या तर सरळ किंवा कोनात, शिवाय बऱ्याचदा रेशमासारख्या बारीक सुया दिसतात.

मला राग याचा येतो की त्याने दाखवलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. खाणीतला असो की भट्टीतला, दोन्हीकडे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि क्रोमियमच, त्यामुळे आकडा तोच येणार, आणि यूव्हीखाली भट्टीतला खडा तर बऱ्याचदा जास्तच पेटतो. दहापट भिंग टेबलावर पडलेलं होतं, ते मात्र त्याने हातात दिलं नाही आणि मलाही मागायचं सुचलं नाही. कार्डावर नुसतं 'माणिक, १.७६', नैसर्गिक हा शब्दच नाही. नंबर आता बंद आहे.

बाबा काही बोलले नाहीत, अंगठी काढून देवघरात ठेवली. असंच टेबल आता चिपळूणला लागलंय म्हणे, ओळखीचं कोणी जात असेल तर बिलावर 'नैसर्गिक' लिहून घ्यायला सांगा आणि लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.