मागच्या चाकांची गाडी, कुल्लूचा हिवाळा आणि एक तुटलेली वायर

मागच्या उजव्या चाकाच्या एबीएस सेन्सरची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून त्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची) वायर तुटली म्हणून नाशिकच्या सर्व्हिस सेंटरनं अठरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. "सर, वायर सुटी मिळत नाही, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगाच, बदलावा लागेल. आणि तुम्ही साखळ्या लावल्या होत्या, त्यामुळे वॉरंटीत बसणार नाही." साखळ्या लावल्या होत्या हे खरं. पण बर्फात साखळ्या लावा आणि फक्त मागच्या चाकांना लावा, हे गाडीच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय. ते पान मी सर्व्हिस अॅडव्हायझरच्या टेबलावर उघडून ठेवलं. त्यानं ते वाचलं आणि एस्टिमेटवर सही मागितली.

गाडीचं नाव लिहीत नाही. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असलेल्या कुठल्याही डिझेल एसयूव्हीला हे लागू आहे. कामानिमित्त मी हिवाळाभर कुल्लू खोऱ्यात होतो आणि गाडी नाशिकहून चालवत नेली होती. घेताना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेली, घेतली नाही, कारण फरक लाखांत होता आणि त्र्यंबक रोड, कसारा घाट, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे रस्ते यांच्यासाठी त्याची गरज नव्हती. आजही नाही.

बर्फात मागच्या चाकांची गाडी नको, हे मला ज्यानं त्यानं सांगितलं. कारण सोपं आहे: वजन पुढे आणि ताकद मागे. रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका असतो, सपाटीवरच्या बर्फात अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की चाकं जागेवर फिरतात. म्हणून सुरुवातीला मी वाळूच्या गोण्यांवर भरवसा ठेवला. साठ-सत्तर किलो वाळू, मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर, दोरीनं घट्ट बांधून. अगदी शेपटाला ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर तेच वजन गाडीला बाहेर ओढतं. गोण्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अलगद हलायला लागली. महिनाभर मी सगळ्यांना हेच सांगत होतो: वाळू टाका, काही होत नाही.

आता ते मत राहिलेलं नाही. वाळू गाडी हलवते, थांबवत नाही. उलट वजन वाढलं की उतारावर थोपवायचं ओझंही वाढतं.

थांबण्याचा हिशोब प्रत्येकानं एकदा कागदावर करावा. कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड) साधारण ०.७, दाबलेल्या बर्फावर ०.२, गोठलेल्या पाण्यावर ०.१. ताशी ४० किलोमीटर वेगानं ब्रेक मारला तर कोरड्या रस्त्यावर ९ मीटर, दाबलेल्या बर्फावर ३० मीटरच्या वर आणि गोठलेल्या पाण्यावर ६० मीटरच्या वर लागतात. आणि यात ताकद कुठल्या चाकांना आहे याचा काही संबंध नाही. ब्रेक चारही चाकांना असतात, वळवतात पुढची. फोर बाय फोर गाडी चढ जोरात चढते, पण उतारावर तीही तशीच घसरते. मनालीच्या वर मी ते पाहिलंय.

म्हणून सगळं येऊन थांबतं टायरवर. आपल्याकडच्या गाड्यांवर येणारं रबर उन्हाळ्यासाठी असतं, ७ अंशांच्या खाली ते कडक व्हायला लागतं. निफाडचा पारा त्याच्याही खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पण तिथला रस्ता कोरडा असतो म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. टायरवर 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणून दुकानदारानं खात्री दिली, तर ऐकू नका. ती खूण नक्षी कशी आहे एवढंच सांगते, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या त्या खुणेचं टायर हिवाळी मानत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, ही खूण बघा. ती बर्फावर चाचणी झालेल्या टायरलाच मिळते. नाशिकमध्ये मी विचारलं त्या एकाही दुकानात हे टायर नव्हते. घ्यायचे तर चारही घ्या. फक्त मागे लावले तर गाडी निघेल, पण वळणार नाही.

साखळ्यांचीही हीच अडचण. मागे साखळी, पुढे साधं टायर: चढाला उत्तम. उतारावर ब्रेकचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो आणि त्यांना पकडच नसते, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाते. ताशी ४० च्या आत राहायचं, लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन उतरायचं आणि पुन्हा ताणायची, डांबर दिसलं की काढायची. हे सगळं मी दर वेळी केलं. तरीही ताण देणाऱ्या रबराचा हूक तुटला, सुटलेलं टोक चाकासोबत फिरत राहिलं आणि त्यानं सेन्सरची वायर कापली. विक्रेता म्हणतो, ताणणारं रबर कन्झ्युमेबल आहे, म्हणजे वापरून झिजणारच. चार हजारांच्या साखळीत पन्नास रुपयांचं रबर धड नसेल, तर ती विकूच नये.

त्या एका वायरीनं एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारं), ईएसपी (गाडी घसरू न देणारं) असे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. तो भाग तिथे कुल्लूकडे मिळत नव्हता, त्यामुळे पुढचे आठवडे गाडी तशीच चालवली. मागच्या चाकांची गाडी म्हणजे काय हे तेव्हा खरं कळलं. उतारावर गिअर खाली टाकून क्लच पटकन सोडला की इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तीच चाकं उतारावर सर्वांत हलकी असतात, त्यामुळे शेपूट बाजूला निघतं. क्लच हळू सोडायचा. तरी निघालंच तर क्लच दाबायचा, ब्रेकवर पाय नाही, हँडब्रेकला तर हात अजिबात नाही. शेपूट ज्या बाजूला जातंय त्याच बाजूला स्टिअरिंग, आणि गाडी सरळ व्हायला लागताच स्टिअरिंग परत आणायचं. तिथे उशीर झाला तर गाडी दुप्पट जोरानं उलटीकडे फेकली जाते. सकाळी सावलीतली वळणं आणि पूल यांच्यापासून सर्वांत जास्त सावध राहा. तिथे रस्ता नुसता ओला दिसतो, पण असतो गोठलेला. आणि तापमान शून्याच्या आसपास असताना बर्फ कडाक्याच्या थंडीपेक्षा जास्त निसरडा असतो.

ताजा बर्फ पडला की मनालीच्या वरच्या अटल टनेलकडे जाणारा रस्ता फोर बाय फोर नसलेल्यांना बंद करतात, पोलीस सोलंगच्या अलीकडेच परत फिरवतात. हुज्जत घालू नका. तो नियम योग्य आहे, कारण चढावर अडकलेली एक गाडी मागच्या सगळ्यांना उतारावर थांबायला लावते.

हार्नेस मी बदलला नाही. नाशिकच्याच अंबडमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर घट्ट बसणारी नळी) चढवलं, तिचा मार्ग चाकापासून आतल्या बाजूला वळवून केबल टायनं बांधला. सहाशे रुपये. सगळे दिवे विझले आणि अख्खा पावसाळा कसाऱ्यात एबीएस बरोबर चालला. वॉरंटी नाकारल्याचं लेखी मागितलंय, मॅन्युअलच्या त्या पानाच्या प्रतीसह ते कंपनीकडे पाठवणार आहे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचंय. हिमकणाच्या खुणेचे चार टायर दिल्लीहून मागवतोय, वेगळ्या स्टीलच्या रिमवर, म्हणजे नाशिकला परतलो की तासाभरात बदलता येतील. वाळूच्या गोण्याही नेणार, पण चाक अडकलं तर खाली टाकायला.